आणि नाही दिले तर?

आमच्या वर्तकनगरात दोन माणसे भेटली, की तिसऱ्या वाक्याला पुनर्विकास येतो. एका बाजूला म्हाडाच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारती, दुसऱ्या बाजूला नवे मनोरे आणि मधल्या रस्त्यावर भाजीची पिशवी घेऊन उभे असलेले आम्ही निवृत्त लोक. चटई क्षेत्र किती, कॉर्पस किती, घरभाडे किती महिन्यांचे, हे पाढ्यांसारखे सगळ्यांना पाठ आहे. पण कुणी विचारले, "भाडे मध्येच बंद झाले तर?", की घोळका हळूहळू पांगतो.

हा 'तर?' माझ्या ओळखीचा आहे. बँकेत तीसएक वर्षे मी त्याच्यावरच पोट भरले. गृहकर्जाच्या टेबलावर बसणाऱ्या अधिकाऱ्याला बांधकामातले फारसे कळत नाही, कायद्यातले अर्धवट कळते. त्याच्या दिमतीला तज्ज्ञ असतात. वकील टायटलचा अहवाल देतो, मूल्यांकन करणारा किंमत सांगतो, अभियंता स्लॅब मोजतो. अधिकाऱ्याने फक्त विचारायचे असते. चौथा स्लॅब पडला म्हणता, कधी पाहिलात? टायटल स्वच्छ म्हणता, किती वर्षांचा शोध घेतलात? कल्याणकडचे एक नोकरदार जोडपे मला आठवते. बिल्डरने काम अर्ध्यावर सोडले होते आणि दोघे एकाच पगारातून कर्जाचा हप्ता भरीत होते, दुसऱ्यातून घरभाडे. करारात ताब्याची तारीख ठळक अक्षरांत होती. ती पाळली नाही तर काय, याविषयी मात्र करार मौन बाळगून होता.

आमदार-खासदारांचे खरे कामही याच जातीचे आहे, असे मला वाटत आले आहे. सभागृहातली भाषणे आपण ऐकतो. पण विधेयक प्रवर समितीकडे किंवा दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेले, की एका बंद खोलीत निराळेच काम चालते. तिथे प्रेक्षक नसतात, त्यामुळे आवाजही खाली येतो. खात्याचे सचिव येतात, बिल्डरांच्या संघटना येतात, ग्राहकांचे प्रतिनिधी, वास्तुविशारद, बँकवाले येतात. सदस्य त्यांना प्रश्न विचारतात, उत्तरांची नोंद होते आणि ज्याला पटत नाही तो आपली भिन्न मतपत्रिका अहवालाला जोडतो. यातला प्रत्येक तज्ज्ञ प्रामाणिक असला, तरी तो कुठल्या तरी खुर्चीतून उठून आलेला असतो. विचारले तेवढ्याचे उत्तर देतो, न विचारलेले सोबत घेऊन घरी जातो.

न विचारलेल्या प्रश्नाची किंमत किती, ते १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यात दिसते. संस्था नोंदवल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यावी, असे त्याखालच्या नियमांत स्पष्ट होते. आणि नाही दिली तर? शिक्षेची तरतूद होती. पण शिक्षेने सही मिळत नाही. बिल्डर सही करायला आलाच नाही तर संस्थेने कोर्टाची पायरी चढायची, एवढाच मार्ग होता. हजारो संस्थांची इमारत त्यांची आणि सातबारा भलत्याच्याच नावावर, अशी अवस्था राहिली. वाढीव चटई निर्देशांक आला तेव्हा त्याच्यावर हक्क सांगायला जुना बिल्डर हजर. अखेर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरण आले, म्हणजे बिल्डर आला नाही तरी सक्षम अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर दस्त नोंदवण्याची सोय झाली. एका 'तर?'चे उत्तर यायला पंचेचाळीस वर्षे लागली.

'रेरा'च्या वेळी चित्र पुष्कळ बरे होते. ते विधेयक २०१३ साली राज्यसभेत मांडले गेले आणि २०१५ साली अनिल माधव दवे यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रवर समितीकडे गेले. मुख्य वाद पैशाचा. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी किती वाटा त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायचा? मूळ मसुद्यात ७० टक्के होते, पण 'किंवा त्याहून कमी' अशी फटही होती. २०१५ च्या सरकारी दुरुस्त्यांत ५० टक्के आले आणि समितीनेही तेच मानले. मार्च २०१६ मध्ये संसदेने कायदा मंजूर केला, तेव्हा आकडा पुन्हा ७० झाला होता, आणि फट बुजली होती. एका इमारतीचे पैसे दुसऱ्या जमिनीत कसे जातात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या वीस टक्क्यांचे मोल कळेल. समितीने आणखी एक गोष्ट केली. मूळ मसुद्यात हजार चौरस मीटर किंवा बारा सदनिकांपर्यंतच्या प्रकल्पांना नोंदणी माफ होती. ती मर्यादा पाचशे मीटर आणि आठ सदनिकांवर आणण्याची शिफारस समितीने केली. कल्याण-डोंबिवलीत छोट्या भूखंडांवर पाच-सहा मजले चढतात. इथल्या खरेदीदाराला या बदलाचा उपयोग दिल्लीपेक्षा जास्त.

तरीही एक प्रश्न सुटला. बिल्डरने जोडलेला कागदच खोटा असेल तर? त्याचे उत्तर डोंबिवलीने दिले. महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून पासष्ट इमारतींनी रेराची नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. नोंदणी क्रमांक पाहून घर घेणाऱ्या कुटुंबांनी आणखी काय पाहायला हवे होते? महापालिकेची परवानगी खरी आहे का, हे नोंदणी करणाऱ्याने महापालिकेलाच विचारावे, इतके ते साधे होते. एखाद्या बँकेतल्या कारकुनालाही ते सुचले असते.

असे प्रश्न सुचायला तज्ज्ञ असावे लागत नाही, लोकांत वावरावे लागते. मृणाल गोरे यांचे उदाहरण घ्या. गोरेगावच्या पाण्यासाठी लढल्या म्हणून लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटले. नागरी निवारा परिषदेमार्फत सामान्यांच्या घरांसाठी त्या झगडल्या. आणि विधानसभेत गर्भलिंगनिदानाविरुद्ध खासगी विधेयक आणले ते त्यांनीच. गर्भजल चाचणी आनुवंशिक दोष शोधण्यासाठी आहे, हे डॉक्टरांचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याच सुईने मुलगी शोधली जाते, हेही खरे होते. मग तंत्र रोखायचे की त्याचा वापर? १९८८ साली महाराष्ट्राने देशातला पहिला कायदा केला तो वापराच्या नियमनाचा. जोडपे राज्याची हद्द ओलांडून गेले तर? त्यासाठी १९९४ चा केंद्रीय कायदा यावा लागला. गर्भधारणेआधीच निवड केली तर? त्याचे उत्तर २००३ च्या दुरुस्तीत मिळाले, तेही कार्यकर्ते आणि संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्यानंतर. घराचा कायदा असो की लेकीबाळींचा, पळवाट माणूस आधी शोधतो आणि सरकार मागून पोहोचते. मधले अंतर कमी करायचे, एवढेच समितीच्या हातात असते.

कुणी म्हणेल, विधेयक लांबवायचे असले की समिती नेमतात. हा आरोप अगदीच पोकळ नाही. पण हिशेब करून पाहा. रेराला मांडणीपासून मंजुरीपर्यंत अडीच-पावणेतीन वर्षे गेली. १९६३ च्या कायद्यातल्या एका उणिवेने दोन पिढ्या थांबवल्या. मला पहिला उशीर स्वस्त वाटतो. आपण मात्र उलट्या दिशेने निघालो आहोत. पंधराव्या लोकसभेच्या काळात ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत, म्हणजे २०१९ ते २०२४ या काळात, हे प्रमाण १६ टक्क्यांवर आले. शिवाय पुष्कळसे निर्णय विधेयकाच्या वाटेने येतच नाहीत. सहकारी संस्थेच्या पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी, हे २०१९ साली ठरले ते शासन निर्णयाने. निर्णय चुकला असे मी म्हणत नाही. एका आडमुठ्या सभासदासाठी पन्नास घरे अडून राहू नयेत, हे मलाही पटते. पण उरलेल्या ४९ टक्क्यांतली ऐंशी वर्षांची विधवा आजी भाडे थकल्यावर कुठे जाणार, हा प्रश्न मतदारांपुढे उभे राहणाऱ्या कुणी तरी सचिवांना समोरासमोर विचारायला हवा होता, आणि त्याचे उत्तर नोंदवून घ्यायला हवे होते.

आमच्याकडे लवकरच पुन्हा मते मागायला मंडळी येतील. गटारे, दिवे, पार्किंग यांची यादी त्यांना द्यावीच. जोडीला एवढे विचारावे: गेल्या पाच वर्षांत तुम्ही कुठल्या समितीवर होतात, आणि तिथे कुणाला काय विचारलेत? विधेयकावर सूचना मागवणारी बारीक टायपातली जाहिरात वर्तमानपत्रात दिसली, तर ती रद्दीत घालण्याआधी वाचावी. लांबलचक निवेदन नको. पोस्टकार्डावर मावेल असा, आपल्या जिन्यात, आपल्या संस्थेत भोगलेला एक 'तर?' लिहून पाठवला तरी पुष्कळ झाले.