नल्लूरची चिंचराई

इमारती लाकडाच्या बाजारात मोल असते ते सरळसोट खोडाला. गाठाळ, पिळवटलेल्या आणि आतून पोकळ झालेल्या झाडाला तेथे कोणी भाव देत नाही. बंगळूर ग्रामीण जिल्ह्यातील देवनहळ्ळी तालुक्यात मात्र अशाच ‘निरुपयोगी’ वृक्षांच्या एका समूहाला कायद्याचे संरक्षण लाभले आहे. नल्लूर गावालगतची ही चिंचराई २००७ साली भारतातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाली. सुमारे ५४ एकरांत पसरलेल्या या राईत तीनशेच्या आसपास जुनी झाडे आहेत आणि जवळच एका प्राचीन मंदिराचे भग्नावशेष आहेत.

राईतले एकही झाड दुसऱ्यासारखे नाही. कुठे खोड दोरखंडाप्रमाणे पीळ घेत वर गेले आहे, कुठे बुंध्यावर गाठींचे आवाळू उठले आहे, तर कुठे मधोमध प्रशस्त ढोली पडली आहे. काही वृक्ष कलून चक्क भुईवर आडवे झाले; तरी त्यांच्या अंगावरून नवे धुमारे उभे राहिलेच.

या चिवटपणाचे कारण खोडाच्या रचनेत आहे. वृक्षाचा गाभा हा बहुतांशी मृत काष्ठाचा असतो. पाणी वर चढविणारे आणि अन्न खाली पोहोचविणारे थर सालीलगतच असतात. त्यामुळे गाभा कुजून नाहीसा झाला, तरी बाहेरचे कवच शाबूत असेतोवर पालवी फुटत राहते. खोड कलले की चिंचेसारखे वृक्ष वरच्या अंगाला ताण धरणारे विशेष काष्ठ निर्माण करतात आणि स्वतःला सावरू पाहतात. जखमेभोवती नवी वाढ चढते, तिची गाठ होते. आपण ज्याला वेडेवाकडेपणा म्हणतो, तो वास्तविक झालेल्या दुरुस्त्यांचा हिशेबच होय.

गाभाच उरला नाही म्हणजे वलये मोजून वय सांगण्याचा मार्ग खुंटतो. कर्बमापन पद्धतीने येथील एका वृक्षाचे वय चारशे वर्षांहून अधिक ठरले आहे. म्हणजे १६३८ साली बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हा हे झाड उभे होते!

चिंच मूळची आफ्रिकेतील. अरबांनी तिला ‘हिंदी खजूर’ म्हटले आणि त्यावरूनच तिचे इंग्रजी नाव रूढ झाले. आपल्याकडे तिचे कठीण लाकूड उखळ-मुसळासाठी आणि तेलाच्या घाण्यासाठी नावाजलेले होते.

२००८ साली देवनहळ्ळीत आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि परिसरातील जमिनीचे भाव गगनाला भिडले. कुंपण आणि फलक कुऱ्हाडीला अडवू शकतात. परंतु जुन्या झाडांखाली नवी रोपे रुजली नाहीत, तर राई केवळ म्हातारी होत जाईल. संरक्षणाचा हा भाग अधिक कठीण आणि अधिक निकडीचा आहे.

बंगळूरला जाणाऱ्या वाचकांनी शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, चिंचा पिकण्याच्या सुमारास ही राई अवश्य पाहावी. ढोलीत चढू नये आणि खोडावर नावे तर मुळीच कोरू नयेत. कारण चाकूचे टोक जेथे पोहोचते, तेवढाच त्या वृक्षाचा जिवंत भाग आहे.