ऊब माणसाला हवी की खोलीला?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. मग घरातल्या माणसांनी काय पेटवावे? बाजारात हीटरचे इतके प्रकार आहेत की गोंधळ उडतोच.

लाल रॉडचा हीटर समजून घ्यायचा तर अंगणातले कोवळे ऊन आठवावे. हवा गार असते, तरी पाठ शेकून निघते. उन्हातली अवरक्त किरणे मधल्या हवेत फारशी अडकत नाहीत, थेट अंगाला भिडतात. रॉडची उष्णताही तशीच. बटण दाबल्यावर काही सेकंदांत ऊब मिळते, समोरून बाजूला झाले की संपते. आंघोळीनंतरची दहा मिनिटे किंवा टेबलाशी बसून केलेला अभ्यास, यांसाठी हा हीटर उत्तम.

ब्लोअर हवा तापवतो. ती हवा वर चढते आणि पाय गारच राहतात. ऑइल हीटर सावकाश तापतो आणि बंद केल्यावरही बराच वेळ कोमट राहतो. त्यातले तेल मात्र जळत नाही, फक्त उष्णता धरून ठेवते. त्यामुळे तो वीज वाचवतो हा समज चुकीचा आहे. हजार वॉटचा कुठलाही हीटर तासाभरात एक युनिट वीज घेतो आणि तेवढीच उष्णता देतो.

हे गणित बदलते ते गरम हवा देणाऱ्या इन्व्हर्टर एसीमुळे. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो. बेताच्या थंडीत एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांइतकी उष्णता मिळते. ज्या खोलीला रात्रभरात नऊ युनिट उष्णता लागते, तिथे रॉड नऊ युनिट वीज घेईल, एसी तीनच्या आसपास. बाहेर गारठा वाढला की हा फायदा कमी होतो, आणि यंत्राची किंमतही मोठी असते.

जमीनच तापवण्याची युक्ती फार जुनी. कोरियातल्या ‘ओंडोल’मध्ये चुलीचा धूर दगडी फरशीखालून फिरवत, काश्मिरी घरांतला हमामही फरशीखालच्या आगीवर तापतो. आता कोरियात फरशीखाली गरम पाण्याचे पाइप असतात. विजेच्या केबलही टाकता येतात. त्या बसवायला सोप्या, पण सगळे घर तापवायचे तर बिल जड. लहानशा न्हाणीघराला त्या शोभतात.

कोळशाची शेगडी स्वस्त वाटते, पण बंद खोलीत तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. म्हणून आजी-आजोबांच्या खोलीत रात्री शेगडी ठेवूच नये. तिथे थर्मोस्टॅटचा ऑइल हीटर ठेवावा, पडदे-पांघरुणांपासून हातभर लांब, आणि त्याआधी दाराखालची फट जाड कापडाने बुजवावी.