डागाळलेल्या अॅल्युमिनियमच्या कॅनची घरगुती सफाई व घासकाम

संकलन केंद्रावरून नासके म्हणून परत आलेल्या दुधाचा दोष बहुधा जनावराच्या माथी मारला जातो. वास्तविक रिकाम्या कॅनमध्ये हात घालून तळाच्या वळणावर बोटे फिरविली, तर दोषाचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते. दुधातील चुन्याचे क्षार व प्रथिने एकत्र सुकून तेथे पिवळसर, खरखरीत थर बसलेला असतो. तो दिसताच घरातील माणसे उत्साहाने विटेचा चुरा, राख किंवा लोखंडी तारेचा चोथा घेऊन कॅन घासावयास बसतात. कॅन त्या दिवशी लखलखतो खरा. परंतु त्याच्या अंगावर जे असंख्य ओरखडे उमटतात, त्यांत दुसऱ्या दिवसापासून दूध मुरू लागते आणि जंतूंना कुंचा पोचणार नाही असा आसरा मिळतो. घासण्याच्या चुकीच्या रीतीमुळे दूध परत येते, ही गोष्ट ग्रामसेवकाने शेतकऱ्यांच्या निदर्शनास अवश्य आणून द्यावी.

खेड्यात ज्यास 'जर्मल' म्हणतात, तो हा धातू आपल्याकडे तसा नवाच. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1898 मध्ये अॅल्युमिनियमची भांडी घडविण्याच्या उद्योगास चालना दिली. तांब्यापितळेची शेकडो वर्षांची सवय असलेल्या हातांनी या धातूलाही तीच वागणूक दिली, आणि बहुतेक नुकसान त्यातून झाले आहे.

अॅल्युमिनियम टिकते ते आपल्या कातडीच्या बळावर. हवा लागताच त्यावर एक अत्यंत पातळ, डोळ्यांना न दिसणारा भस्माचा थर तयार होतो व तो आतील धातूचे रक्षण करतो. सौम्य आम्लात हा थर तग धरतो. तीव्र क्षारात विरघळतो. म्हणून राखेचे पाणी, चुना व धुण्याचा सोडा ही तिन्ही या धातूस अपायकारक आहेत, आणि कॉस्टिक सोडा तर त्यास अक्षरशः खातो. कॉस्टिकच्या द्रावणातून कॅनमध्ये जे बुडबुडे उठतात, ते मळ सुटत असल्याचे चिन्ह नसून धातू विरघळत असल्याचे आहे. मिठाचे पाणी व विरंजक चूर्ण यांनी बारीक खड्डे पडतात. फवारणीसाठी मोरचूद कालविण्यास दुधाचा कॅन कधीही वापरू नये. त्यातील तांबे अॅल्युमिनियमवर बसते व धातू झपाट्याने पोखरला जातो. शिवाय विषाचा प्रश्न निराळाच.

दुरुस्तीस आरंभ करताना प्रथम कॅन गार पाण्याने विसळावा. आरंभीच उकळते पाणी ओतल्यास प्रथिने शिजून अधिकच घट्ट चिकटतात. नंतर कोमट पाणी, सौम्य साबण व काथ्याचा किंवा नायलॉनचा कुंचा यांनी धुवावे. एवढ्याने न निघणाऱ्या थरासाठी मूठभर चिंच चार लिटर पाण्यात कोळून, गाळून, ते गरम पाणी डागांवर अर्धा तास राहू द्यावे. काळपटपणा व क्षारांचा थर त्याने नरम पडतो. संडास धुण्याचे तेजाब मात्र जवळही आणू नये.

यानंतर जे उरेल ते ओरखडे आणि पोचे. पोचा आधी काढावा : बाहेरच्या बाजूस वाळूची पिशवी टेकवून आतून लाकडी हातोड्याने हलके ठोके द्यावेत. ओरखड्यावर नख फिरवून पाहावे. नख अडकत नसेल तर तो घासून जाईल. खोलवर अडकत असेल तर त्याच्या पाठीस लागू नये, कारण तो नाहीसा होईपर्यंत पत्राच पातळ होतो. त्याच्या कडा गुळगुळीत केल्या तरी पुरे.

घासण्यास पाण्यात वापरावयाचा पॉलिश पेपर 220, 320 व 400 या क्रमाने घ्यावा आणि साबणाच्या पाण्यात भिजवीत राहावे; कोरडा पेपर या मऊ धातूच्या किसाने लगेच भरतो व स्वतःच नवे ओरखडे पाडतो. एक पेपर आडवा फिरविला असेल तर पुढचा उभा फिरवावा, म्हणजे आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही हे दिसते. येथे घाई करणारा मनुष्य हमखास फसतो. आतील शेवटचा हात उभाच असावा, म्हणजे पाणी निथळण्यास सोयीचे पडते. बाहेरून चकाकी हवी असल्यास खडूची वस्त्रगाळ पूड ओल्या फडक्यावर घेऊन चोळावी. आतून चकाकीची आवश्यकता नाही.

लोखंड घासलेला पेपर किंवा तारेचा ब्रश येथे चालणार नाही. लोखंडाचे कण धातूत रुतून गंजतात. लोखंडाच्या सहाणेवर तर अॅल्युमिनियम मुळीच धरू नये. सहाण त्याने भरून फुटू शकते, आणि त्याची कोरडी बारीक भुकटी ठिणगीने पेट घेते. अशा आगीवर पाणी ओतणे धोक्याचे असून कोरडी वाळू टाकावी लागते. ओले घासण्याचा हाही एक लाभ आहे.

काम झाल्यावर कॅन तीनदा धुऊन पांढऱ्या फडक्याने पुसावा. फडके काळे होत असेल तर पुन्हा धुवावा. मग आत पाणी फिरवून ओतून द्यावे. पाण्याचा पापुद्रा सर्वत्र सारखा पसरला तर पृष्ठभाग निर्मळ झाला असे समजावे. जेथे पाणी फाटून थेंब साचतात तेथे स्निग्धांश उरला आहे, तो भाग साबणाने पुन्हा चोळावा. शेवटी उकळत्या पाण्याने विसळून, झाकण काढून, कॅन लाकडी घडवंचीवर पालथा ठेवावा. प्रकाशाकडे धरल्यावर ज्याच्या तळातून उजेडाचा ठिपका दिसतो, तो कॅन शिशाच्या डाखाने बुजवून दुधासाठी वापरू नये. जाणत्या कारागिराकडून जोड मारून घ्यावा.