समुद्र जमीन कशी हलवतो?

भूकंप नसलेल्या दिवशीही भूकंपमापकाची रेघ सरळ येत नाही. दर काही सेकंदांनी ती जराशी वर-खाली होतच राहते. जमीन तेवढी हलतच असते, पण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. पायांना ते काय कळणार? इटलीतल्या तिमोतेओ बेर्तेल्ली या पाद्र्याने 1870 च्या दशकात लंबक सूक्ष्मदर्शकातून न्याहाळत ही थरथर टिपली. मुंबईत कुलाबा वेधशाळेत काम करणाऱ्या सुधांशुकुमार बॅनर्जींनी ती आपल्या समुद्रांतल्या खवळलेल्या हवामानाशी जोडली. त्यांचा प्रबंध 1930 मध्ये रॉयल सोसायटीने छापला.

किनाऱ्यावर लाटा आपटतात म्हणून जमीन हलते, एवढं म्हणून भागत नाही. उथळ पाण्यात लाटेचा दाब तळाला पोचतो, हे खरं. दर 14 सेकंदांनी लाट येत असेल, तर तिथली जमीनही 14 सेकंदांच्या तालात हलते. पण ही थरथर क्षीण. जोरकस असते ती साधारण 7 सेकंदांची, म्हणजे निम्म्या कालावधीची. शिवाय ती खोल समुद्रातूनही येते. आता 14 सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे 300 मीटर, आणि तिचा जोर त्याच्या निम्म्या खोलीवर जवळपास संपतो. मग चार किलोमीटर खालचा तळ हलवतं कोण?

समोरासमोरून येणाऱ्या दोन लाटा. एकच कालावधी असलेल्या अशा लाटा भेटल्या की पाणी पुढे न सरकता जागीच डोलतं. परातीतलं पाणी हेलकावून पाहा: एकदा डाव्या काठाला फुगवटा, एकदा उजव्या, मध्ये सपाट. एका हेलकाव्यात पाण्याचा गुरुत्वमध्य दोनदा वर जातो, दोनदा खाली येतो. एवढं वजन उचलायचं-खाली आणायचं तर तळावरचा दाब बदलणारच, आणि हा दाब खोलीबरोबर विरत नाही. म्हणून 14 चे 7. मिश या फ्रेंच अभियंत्याने 1944 मध्ये हे गणित मांडलं. ब्रिटिश गणितज्ञ लाँगेट-हिगिन्स यांनी 1950 मध्ये ते या थरथरीला लावलं. माझ्या मते या विषयातली सर्वांत देखणी उकल हीच.

अशी गाठ कुठे पडते? किनाऱ्यावरून परतणाऱ्या लाटा येणाऱ्यांना भेटतात तिथे, किंवा वेगाने सरकणारं वादळ आपल्याच जुन्या लाटांना गाठतं तिथे.

भूकंपशास्त्रज्ञ एरवी हा गोंगाट गाळून टाकत. 2005 मध्ये मात्र त्यातूनच कॅलिफोर्नियाच्या भूकवचाचा नकाशा काढला गेला, भूकंपाची वाट न पाहता.