गुण्याचा ‘ण’ कुठून आला?

गवंड्याच्या आणि सुताराच्या पिशवीत गुण्या असतोच. दोन पट्ट्या काटकोनात जोडलेल्या, एवढेच ते हत्यार. भिंतीचा कोपरा किंवा चौकटीचा सांधा त्याला लावून पाहायचा. शाळेच्या कंपासपेटीतही त्याची प्लॅस्टिकची दोन भावंडे असतात. नाव कानाला अस्सल देशी वाटते, त्यामुळे ‘गुण दाखवतो तो गुण्या’ अशी व्युत्पत्ती सहज सुचते. संस्कृत जाणणारा आणखी पुढे जाईल: गुण म्हणजे दोरीही, आणि दोरीवाचून गवंड्याचे चालते कुठे? पण दोरी लागते ओळंब्याला, गुण्याला नव्हे. शिवाय हिंदीत हाच शब्द ‘गुनिया’, फारसीत ‘गूनिया’, तुर्कीत ‘गोन्ये’. अर्थ सगळीकडे काटकोन तपासायचे साधन. या सगळ्यांचे मूळ ग्रीक ‘गोनिया’त, म्हणजे कोनात. अरबीत ‘ग’ नाही, म्हणून तिथे ‘कूनिया’ झाले.

हा शब्द पोथीतून नव्हे, हत्याराबरोबर कारागिरांच्या तोंडून आला असावा. इमारत, गज, गिलावा, रंधा ही त्याच वाटेने आलेली मंडळी. मग ‘ण’ कुठला? तो बहुधा आपला. ओळखीच्या ‘गुणा’ने परक्या ‘न’ला आपल्याकडे ओढले असावे. म्हणजे ती भाबडी व्युत्पत्ती उगम म्हणून चुकीची, पण शब्दाचे रूप घडवायला तिचाच हात लागला असेल. आता कुणी विचारील, आपला ‘कोन’ही मग ग्रीकच का? केंद्र आणि होरा हे शब्द ज्योतिषाबरोबर ग्रीकांकडून संस्कृतात आले, हे सर्वमान्य आहे; ‘कोणा’बद्दल मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘गुण्या’ची बाजू त्यावर अवलंबून नाही. गंमत अशी, की ‘गोनिया’चे नाते ग्रीक ‘गोनू’शी, म्हणजे गुडघ्याशी लावतात, आणि ‘गोनू’चा संस्कृत भाऊबंद आहे ‘जानु’. पाहुणा म्हणून आलेला शब्द घरातलाच दूरचा नातलग निघतो.

खरी अडचण शब्दात नाही, हत्यारात आहे. गुण्या हातातून पडला की सांधा किंचित हलतो, डोळ्यांना ते दिसत नाही, आणि पुढची प्रत्येक चौकट त्याच मापाने चुकते. लेसरच्या दिव्याने हे भागेल म्हणावे, तर तो दिवाही पडतो, आणि त्याचा कोन तपासायचा कशाने? गुण्याची परीक्षा निदान पेन्सिलीने होते. फळीच्या सरळ कडेला तो टेकवून रेघ मारा, मग उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या, तर त्यांच्यामधला कोन गुण्याच्या चुकीच्या बरोबर दुप्पट असतो.