विमानतळावर ताप तपासला, म्हणजे झालं का?

निरगुडसर (ता. आंबेगाव) : परदेशातून कुणी गावी आलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मुंबईला विमानतळावर तपासलंय ना, मग झालं." पण त्या तपासणीत नेमकं बघतात काय?

थर्मल स्कॅनर अंगाची उष्णता टिपतो. रोगाचे जंतू त्याला दिसत नाहीत. कातडी जास्त गरम लागली की प्रवाशाला बाजूला घेतात, एवढंच. कोरोनात दुकान-ऑफिसच्या दारात कपाळापुढे जी 'गन' धरायचे, तिचंही काम तेच. उन्हातून चालत आलेला धडधाकट माणूस तिच्यात तापलेला दिसू शकतो, अन् पॅरासिटामॉल घेतलेला आजारी माणूस सरळ आत जाऊ शकतो.

खरी अडचण दिवसांची आहे. लागण झाल्याबरोबर ताप येत नाही. कोरोनाची लक्षणं दिसायला 2 ते 14 दिवस लागायचे, आणि दुबईचं विमान काही तासांत मुंबईला उतरतं. बराखीत भरताना कांदा चांगलाच दिसतो, सड नंतर कळते. तसलाच हा प्रकार.

पुणे जिल्ह्यानं हे भोगलंय. जानेवारी 2020 मध्ये मुंबई विमानतळावर चीनहून येणाऱ्यांची तपासणी सुरू झाली होती. 1 मार्चला पुण्याचं एक दांपत्य दुबईहून मुंबईत उतरलं. तेव्हा त्यांना लक्षणं नव्हती. टॅक्सीनं ते घरी आले. 9 मार्चला दोघांचे अहवाल पॉझिटिव्ह आले, राज्यातले पहिले रुग्ण तेच. दुसऱ्याच दिवशी त्यांची मुलगी अन् टॅक्सीचालकही बाधित निघाले. यात त्या दांपत्याचा दोष काहीच नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्या काळात बाहेरून आलेल्यांकडे लोकांनी ज्या नजरेनं पाहिलं, ते बरं नव्हतं.

मग स्कॅनर काढून टाकायचे का? नाही. उघड आजारी माणूस तिथंच सापडतो, आणि साथीच्या काळात प्रवाशाचा फोन-पत्ता नोंदला जातो. पुढची राखण मात्र घरच्यांनाच करावी लागते. साथ चालू असेल तर पाहुण्यानं निदान दोन आठवडे ताप-खोकल्यावर लक्ष ठेवावं, घरातल्या म्हाताऱ्यांपासून जरा लांब राहावं. ताप आलाच तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावं. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता कुठल्या देशातून, कधी आलो ते आधी सांगावं. आपल्याकडं पावसाळ्यात तापाचा पेशंट आला की पहिला संशय डेंगी-मलेरियाचाच येतो.