वळवणचं पाणी, विद्यापीठाचं टपाल

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्या आपापल्या बॉयलरवर चालत. कोळसा स्वतःचा, वाफ स्वतःची, यंत्र बिघडलं की खोळंबाही स्वतःचा. मग टाटांनी लोणावळ्याला वळवणचं धरण बांधलं, पाणी पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरवलं आणि १९१५ पासून गिरण्यांना तारेतून आयती वीज मिळू लागली. बॉयलर राखायचा की वीज विकत घ्यायची, हा गिरणीमालकांपुढचा प्रश्न आज विद्यापीठांपुढे आहे. फक्त बॉयलरच्या जागी सर्व्हर आलाय आणि विजेच्या जागी क्लाउडवरचा ईमेल, दस्तऐवज आणि तक्ते. विषय ऐकायला रुक्ष, पण आत शिरलं की मजेदार.

एका निर्णयात ७० लाख विद्यार्थी

एप्रिल २०१२ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं मायक्रोसॉफ्टची 'लाइव्ह अ‍ॅट एज्यु' ही क्लाउडवरची ईमेल सेवा निवडली. आवाका केवढा? १० हजारांहून जास्त महाविद्यालयं, ७० लाखांवर विद्यार्थी, जवळपास ५ लाख अध्यापक. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला तोवर जगात एवढा मोठा ग्राहक मिळाला नव्हता. परिषदेचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. एस. एस. मंथा हे आधी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाचे प्र-कुलगुरू होते. लोणावळा-तळेगाव पट्ट्यातली अभियांत्रिकी महाविद्यालयं परिषदेच्याच मान्यतेवर चालतात, म्हणजे मावळही या आकड्यात आला. गंमत अशी की त्याच वर्षी जूनमध्ये मायक्रोसॉफ्टनं शिक्षणसंस्थांसाठी ऑफिस ३६५ आणलं आणि 'लाइव्ह अ‍ॅट एज्यु'ची जागा त्यानं घ्यायला सुरुवात केली. नव्या घराचे पडदे लावून होईस्तोवर पुन्हा सामान हलवायची वेळ!

पुणे कुठे आहे? 'मध्य भारतात'!

मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये भारतात तीन ठिकाणी क्लाउड केंद्रं सुरू केली. मुंबईच्या केंद्राला नाव मिळालं पश्चिम भारत, चेन्नईला दक्षिण भारत आणि पुण्याला चक्क मध्य भारत. नागपूरकरांनी हे मनाला लावून घेऊ नये.

लोणावळ्याहून पुणे सुमारे ६५ किलोमीटर. लोकलला तासाहून जास्त लागतो. फायबरमधला प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे हेच अंतर तो सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात कापतो. पण पुण्यात केंद्र आहे म्हणून तुमच्या महाविद्यालयाचा ईमेल तिथेच साठेल असं नाही. माहिती कुठल्या देशात, कुठल्या केंद्रात राहील हे करारात ठरतं. ते कलम सहीआधी वाचायला हवं, आणि मोठ्यानं वाचायला हवं.

हॉटमेलचा पुण्याशी संबंध

ब्राउझरमधून कुठूनही टपाल बघता येणं ही आज साधी गोष्ट वाटते. ती लोकांच्या सवयीची केली हॉटमेलनं. ४ जुलै १९९६ रोजी सुरू झालेल्या या सेवेचे एक जनक सबीर भाटिया पुण्याच्या बिशप्स शाळेत शिकलेले. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं हॉटमेल विकत घेतलं.

एक जीबीचा फेरा

१ एप्रिल २००४ ला गूगलनं जीमेल जाहीर केलं आणि प्रत्येकाला १ जीबी जागा देऊ केली. तेव्हा हॉटमेलवर फुकटात मिळायचे २ एमबी. तारीख बघून अनेकांना ती थापच वाटली. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठानं विद्यार्थ्यांचं टपाल गूगलकडे सोपवलं, आणि मग विद्यापीठांची रांग लागली. पुढे तर शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा, तीही फुकट, कोण नाही म्हणेल?

ती अमर्यादता २०२२ मध्ये संपली. आता गूगल फुकट योजनेत अख्ख्या संस्थेला मिळून १०० टीबी देतं, मायक्रोसॉफ्टनंही पुढे तोच आकडा धरला. आता हिशेब करा: एक लाख खाती असलेल्या विद्यापीठात माणशी किती? एक जीबी. जीमेलनं २००४ मध्ये दिला होता तेवढाच.

घर बदललं, पत्ता तोच

टपाल गूगलकडे जावो की मायक्रोसॉफ्टकडे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पत्त्यामागचं 'युनिपुणे डॉट एसी डॉट इन' काही बदलायला लागत नाही. 'एसी डॉट इन' ही नावं अर्नेट इंडिया देते. अर्नेट हे शिक्षणसंस्थांचं संगणक-जाळं. त्याच्या १९८६ मधल्या पहिल्या आठ सहभागींत मुंबईच्या दोन संस्था होत्या, जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी. नावाच्या नोंदीत 'एमएक्स' नावाची एक ओळ असते. टपाल कुठे पोचवायचं ते ती सांगते. स्थलांतराच्या रात्री बदलते ती मुख्यतः ही ओळ! केंद्र सरकारनंही सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची खाती झोहो या कंपनीच्या यंत्रणेवर नेली, पण 'जीओव्ही डॉट इन' हा पत्ता कायम ठेवला. कंत्राटदार कितीही बदलोत, या नावाच्या किल्ल्या संस्थेच्या हातात असल्या की निम्मी चिंता मिटली.

निकाल एका दमात? नाही जमणार

गूगलच्या सशुल्क खात्यावरूनही दिवसाला जास्तीत जास्त २,००० ईमेल जातात. परीक्षा विभागानं एका खात्यावरून लाखभर विद्यार्थ्यांना एकेक ईमेल धाडायचं ठरवलं तर ५० दिवस लागतील. त्यासाठी वेगळी सेवा घ्यावी लागते.

खरी कसोटी मराठीची

ईमेल हलवणं सोपं. जुन्या मराठी फाइली हलवताना घाम फुटतो. युनिकोड रुळण्याआधी आपल्या कार्यालयांनी परिपत्रकं, इतिवृत्तं, प्रश्नपत्रिका टंकल्या त्या श्रीलिपी किंवा आयएसएम या सॉफ्टवेअरवर. श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, आयएसएम पुण्याच्याच सी-डॅकचं. या जुन्या फाँटमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजीच असायची, त्यांना मराठी रूप द्यायचा तो फाँट. क्लाउडवर तो फाँट नसला की कुलगुरूंच्या भाषणाची इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होते. फाइल हरवलेली नसते, वाचता मात्र येत नाही. शोधयंत्रालाही त्यात मराठी दिसत नाही.

युनिकोडनं १९९१ पासूनच देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिलाय. 'म' जगात कुठेही २३५०. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात. हे काम स्थलांतराच्या पॅकेजमध्ये सहसा येत नाही. त्याला मराठी वाचणारा माणूस लागतो, वेळ लागतो, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी रक्कम धरावी लागते. ती धरा, अगदी हट्टानं धरा. मग वडगाव मावळच्या एखाद्या परीक्षा केंद्राबद्दलचं पंचवीस वर्षांपूर्वीचं परिपत्रक शोधायला कपाट उपसायला नको. 'वडगाव' एवढं टंकलं की पुरे.